मातीतला जिवाणू, फुफ्फुसातला जिवाणू

प्रदूषित मातीतून जिवाणू वेगळे करण्याची आमची पद्धत तशी निर्दय आहे. फ्लास्कमध्ये पाणी घ्यायचं, थोडे क्षार घालायचे आणि अन्न म्हणून एकच गोष्ट द्यायची. फिनॉल, टोल्युइन, नॅप्थलीन, त्या मातीत जे काही सांडलेलं असेल ते. साखर नाही, पेप्टोन नाही. मग चिमूटभर माती टाकून फ्लास्क शेकरवर चढवायचा. बहुतेक जिवाणू उपाशी मरतात, नाहीतर त्या विषानेच मरतात. ज्यांना ते विष पचतं तेवढेच वाढतात. काही दिवसांनी नितळ पाणी गढुळायला लागतं आणि आम्ही पुढच्या फ्लास्कच्या तयारीला लागतो.

मला सगळ्यात आवडणारा क्षण त्यानंतर येतो. प्लेटवर वाढलेल्या वसाहतींवर कॅटेकॉल या कार्बनचं कडं असलेल्या रसायनाचं पातळ द्रावण फवारायचं. ज्या वसाहतीकडे ते कडं फोडणारं एक ठरावीक विकर (एन्झाइम) असतं, ती पांढुरकी वसाहत बघता बघता पिवळीधमक होते. शेजारची तशीच राहते, कारण तिच्याकडे ते विकर नसतं किंवा ती तेच कडं दुसऱ्या जागी फोडते आणि रंग दिसत नाही. सहा कार्बनचं हे कडं किती स्थिर, किती पक्कं, हे आपण सगळे रसायनशास्त्राच्या वर्गात घोकलेलं असतं. ते एका जिवाणूने डोळ्यांदेखत उघडलेलं बघताना मला आजही भरून येतं. विषारी मातीबद्दल आशा वाटावी असं जगात जे थोडंफार आहे, त्यात हा पिवळा रंग येतो.

मग त्या पिवळ्या वसाहतीचं नाव शोधायचं. येणारी नावं साधारण ठरलेली: स्यूडोमोनास, बर्कहोल्डेरिया, असिनेटोबॅक्टर, स्टेनोट्रोफोमोनास, ऱ्होडोकॉकस. माझी कॉलेजपासूनची एक मैत्रीण रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात काम करते. तिच्याकडे येतात थुंकी, रक्त, लघवी, जखमेतला पू. एका संध्याकाळी फोनवर बोलता बोलता मी तिला आमची यादी वाचून दाखवली. ती जरा थांबली आणि म्हणाली, "अगं, यातली निम्मी नावं माझ्या आज सकाळच्या रिपोर्टांवर आहेत. आयसीयूमधली."

तिचे जिवाणू आणि माझे जिवाणू अगदी तेच असतात असं नाही. बऱ्याचदा प्रजाती (नावातला पहिला शब्द) एक आणि जाती (दुसरा शब्द) वेगळी असते. स्यूडोमोनास पुटिडा हा आमचा मातीतला कामसू जिवाणू, तो माणसाच्या वाट्याला सहसा जात नाही. पण त्याचा भाऊ स्यूडोमोनास एरुजिनोसा भाजलेल्या जखमांत, कॅथेटरवर, व्हेंटिलेटरच्या नळ्यांत ठाण मांडतो, आणि तोच तेलाने माखलेल्या मातीतही मजेत राहतो. हिरवट रंग आणि द्राक्षांसारखा गोडसर वास यांमुळे तो दोन्ही प्रयोगशाळांत लगेच ओळखू येतो.

प्रदूषण निवारणाचे विभाग वेगळे, रोगांचे वेगळे. निधी वेगळा, परिषदा वेगळ्या, नियतकालिकं वेगळी. ही वाटणी मला धोक्याची वाटते. एका टेबलावर कळलेली गोष्ट दुसऱ्या टेबलावर पोचायला त्यामुळे वर्षं लागतात, आणि किंमत मोजतो तो त्या दोन टेबलांशी काहीही संबंध नसलेला माणूस. हे मी तावातावाने लिहितेय याची मला कल्पना आहे, पण का लिहितेय ते पुढे वाचा.

आधी कारण बघू. विषारी मातीत टिकायला जे लागतं, जवळपास तेच आजारी शरीरात टिकायला लागतं. टोल्युइन पेशीच्या आवरणात शिरून ते विस्कटून टाकतं. स्यूडोमोनास पुटिडाच्या काही वाणांकडे त्यावर उपाय म्हणून आवरणात बसवलेले पंप असतात, आत आलेलं टोल्युइन ते सतत बाहेर फेकत राहतात. यातला एक पंप टोल्युइनबरोबरच टेट्रासायक्लिन आणि क्लोरॅम्फेनिकॉलही बाहेर फेकतो. म्हणजे ज्या जिवाणूने आयुष्यात एकही औषध पाहिलेलं नाही, तो केवळ टोल्युइनसारख्या सॉल्व्हंटमध्ये जगायला शिकला म्हणून औषधाला दाद देत नाही. शिवाय चिकट बायोफिल्म बनवून त्यात दडून राहणं, लोह मिळत नसेल तर ते खेचून आणणारे रेणू सोडणं, जनुकांचा मोठा साठा बाळगणं हेही दोन्हीकडे उपयोगी पडतं. एरुजिनोसाचा संपूर्ण जनुकसंच २००० साली वाचला गेला तेव्हा त्यात साडेपाच हजारांहून जास्त जनुकं निघाली. एखाद्या जिवाणूसाठी हा आकडा मोठा आहे, आणि त्यातला भलामोठा भाग फक्त परिस्थिती पाहून बाकीची जनुकं चालू-बंद करण्याच्या कामी लागलेला.

आता बर्कहोल्डेरिया सेपेशियाबद्दल सविस्तर लिहिते, कारण माझ्या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलामुलीला मी हीच कहाणी आधी सांगते.

कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर बर्कहोल्डर यांनी १९५० मध्ये कांदा सडवणाऱ्या एका जिवाणूचं वर्णन प्रसिद्ध केलं. तेव्हा त्याला स्यूडोमोनास सेपेशिया म्हणत, नंतर १९९२ मध्ये त्याला बर्कहोल्डर यांच्या नावाची स्वतंत्र प्रजाती मिळाली. पिकाचा रोग एवढीच त्याची ओळख होती. मग कळलं की हा काहीही खातो. त्याचे काही वाण पेनिसिलिनवर, फक्त पेनिसिलिनवर, वाढू शकतात. पर्यावरणाच्या संशोधकांना असा खादाड जिवाणू म्हणजे पर्वणीच. २,४,५-टी हे तणनाशक व्हिएतनाम युद्धात वापरलेल्या एजंट ऑरेंजचा एक घटक होतं आणि निसर्गात ते विघटित व्हायला फार वेळ लागतो. शिकागोत आनंद मोहन चक्रवर्ती यांच्या गटाने रासायनिक कचरा टाकण्याच्या जागांवरून जिवाणू आणले, त्यांच्यात प्लाझ्मिड (एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणारा डीएनएचा छोटा तुकडा) असलेले इतर जिवाणू मिसळले आणि आठ-दहा महिने हळूहळू त्या तणनाशकाचं प्रमाण वाढवत नेलं. त्यातून निघालेला एसी ११०० हा वाण २,४,५-टी हेच एकमेव अन्न म्हणून वाढत होता. त्यावरचं काम १९८२ मध्ये प्रसिद्ध झालं आणि त्याचं नाव दिलं होतं स्यूडोमोनास सेपेशिया.

दोनच वर्षांनी, १९८४ मध्ये, टोरंटोच्या डॉक्टरांनी एक लेख प्रसिद्ध केला. विषय होता सिस्टिक फायब्रोसिसचे रुग्ण. या आनुवंशिक आजारात फुफ्फुसातला कफ घट्ट आणि चिकट होतो, बाहेर पडत नाही आणि त्यात जिवाणूंची वस्ती होते. अशा काही रुग्णांच्या फुफ्फुसांत सेपेशिया शिरला होता. त्यातल्या काहींना जोराचा ताप आला, फुफ्फुसाचा भाग सडत गेला, जिवाणू रक्तात उतरला आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ते गेले. त्याला पुढे सेपेशिया सिंड्रोम म्हणायला लागले. औषधं लागू पडेनात. जो गुण कचराकुंडीत वरदान होता तोच इथे उलटला होता.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सिद्ध झालं की हा जिवाणू एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जातो. कॅनडा आणि ब्रिटनमध्ये एकच वाण पसरत गेल्याचंही दिसलं. सिस्टिक फायब्रोसिस असलेल्या मुलांची उन्हाळी शिबिरं भरायची, ती बंद करावी लागली. दवाखान्यात त्यांना वेगवेगळ्या वेळी बोलवायला लागले. या आजाराच्या रुग्णांनी एकमेकांना प्रत्यक्ष भेटू नये हा नियम आजही पाळला जातो. रोज तास न् तास छाती ठोकून कफ काढणं म्हणजे काय, हे ज्या दुसऱ्या मुलाला न सांगता कळलं असतं, नेमकं त्याच्याच शेजारी बसायची बंदी. यातले पुरावे शास्त्र म्हणून मी कितीही वेळा वाचले तरी हा भाग मला शांतपणे वाचता येत नाही.

आणि या सगळ्या काळात सेपेशिया शेतातल्या बुरशीवर उपाय म्हणून आणि भूजलातलं ट्रायक्लोरोइथिलीन हे कारखान्यांतलं सॉल्व्हंट तोडण्यासाठी वापरायच्या योजना चालूच होत्या! नव्वदच्या दशकाच्या शेवटाला डॉक्टरांनी आणि सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी जाहीरपणे विचारायला सुरुवात केली की हा जिवाणू असा मोकळा सोडणं योग्य आहे का. २००३ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने नियम केला: काही अपवाद सोडता, सेपेशिया समूहातला (सेपेशिया किंवा त्याच्या अगदी जवळच्या जातींचा) जिवाणू नव्या व्यापारी कामासाठी वापरायचा असेल तर आधी संस्थेला कळवावं लागेल. १९८४ ते २००३. दोन टेबलांमधलं अंतर हे असं मोजता येतं.

कहाणीला आणखी एक पदर आहे आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. १९९७ मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांच्या पुढाकाराने या जिवाणूची नीट छाननी झाली, तेव्हा दिसलं की सेपेशिया नावाखाली पाच वेगवेगळ्या जाती एकत्र मोजल्या जात होत्या. आज त्या समूहात वीसच्या वर जाती आहेत. ट्रायक्लोरोइथिलीन तोडणारा प्रसिद्ध जी ४ वाण निघाला बर्कहोल्डेरिया व्हिएतनामिएन्सिस. ही जाती या समूहातलीच आहे आणि रुग्णांच्या फुफ्फुसांतही सापडते. तणनाशक खाणारा एसी ११०० मात्र या समूहाबाहेरचा ठरला. दोघांच्या बाटल्यांवर एकच नाव, आणि धोका वेगळा. ज्या गोष्टीवर माणसांचा जीव अवलंबून आहे तिची ओळख आपण किती वरवर करून घेतो!

चक्रवर्तींबद्दल आणखी लिहायला हवं, कारण दोन्ही टेबलांवर आयुष्य घालवलेला माणूस म्हणून माझ्या मनात त्यांच्याबद्दल फार आदर आहे. जन्म १९३८, पश्चिम बंगालमधल्या सैंथियाचा. पीएचडी कलकत्ता विद्यापीठाची. जनरल इलेक्ट्रिकमध्ये असताना त्यांनी कापूर, ऑक्टेन, सॅलिसिलेट आणि नॅप्थलीन तोडणारी प्लाझ्मिडं एकाच स्यूडोमोनासमध्ये आणली. कच्च्या तेलातले अनेक घटक एकटा तोडेल असा जिवाणू. त्याच्या पेटंटसाठी १९७२ मध्ये अर्ज केला तेव्हा सजीवाला पेटंट मिळत नाही म्हणून नकार आला. वाद थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १६ जून १९८० रोजी पाच विरुद्ध चार मतांनी निकाल चक्रवर्तींच्या बाजूने लागला. पाठ्यपुस्तकांत त्यांची गोष्ट इथे संपते. तो जिवाणू खऱ्या तेलगळतीवर कधी वापरला गेला नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं.

पुढची चाळीस वर्षं मात्र त्यांनी मुख्यतः आजारांवर काम केलं. सिस्टिक फायब्रोसिसच्या फुफ्फुसात एरुजिनोसा अल्जिनेट नावाचा बुळबुळीत पदार्थ बनवून त्यात लपतो. तो कसा बनतो, कोणती जनुकं तो बनवतात, यावर त्यांच्या प्रयोगशाळेने भरपूर काम केलं. त्यानंतर ते वळले अझुरिनकडे. हे एरुजिनोसाचंच तांबं धरणारं, निळं प्रथिन. ते कर्करोगाच्या पेशींत शिरतं आणि पी ५३ या रक्षक प्रथिनाला चिकटून त्याला टिकवून धरतं, असं त्यांच्या गटाला दिसलं. अझुरिनचा २८ अमिनो आम्लांचा तुकडा, पी २८, माणसांवरच्या पहिल्या टप्प्याच्या चाचण्यांपर्यंत पोचला: एकीत १५ प्रौढ रुग्ण, दुसरीत मेंदूच्या गाठी असलेली १८ मुलं. या टप्प्यात औषध सोसवतं का एवढंच मुख्यतः बघतात, त्यामुळे याला कर्करोगावरचा इलाज म्हणून कुणी नाचू नये. फुफ्फुस पोखरणाऱ्या जिवाणूकडेच औषधाच्या आशेने बघायचं, हे त्या माणसाला सुचलं कारण तो त्या जिवाणूला तेलाच्या डबक्यापासून ओळखत होता. २०२० च्या जुलैमध्ये चक्रवर्ती गेले.

दोन टेबलं एकत्र आली तर काय होऊ शकतं आणि त्यांच्यात भिंत उभी राहिली तर काय, हे मिनामाताइतकं स्पष्ट कुठेच दिसत नाही. जपानच्या या किनारी गावात १ मे १९५६ रोजी मेंदूवर परिणाम करणाऱ्या अनोळखी आजाराची अधिकृत नोंद झाली. ती कळवली चिस्सो या रसायन कारखान्याच्या स्वतःच्या रुग्णालयाने. तिथले प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा. रुग्ण तपासणारा हा डॉक्टर कारखान्याच्या सांडपाण्याकडे वळला. १९५९ मध्ये त्यांनी मांजरांना ते पाणी अन्नात मिसळून द्यायला सुरुवात केली आणि ४०० क्रमांकाच्या मांजराला माणसांसारखीच लक्षणं झाली. कंपनीने हे निष्कर्ष बाहेर येऊ दिले नाहीत. सांडपाण्यातला मिथिल पारा हेच कारण आहे असं सरकारने मान्य केलं १९६८ मध्ये. कारण कळलेलं होतं, नऊ वर्षं ते एका कपाटात होतं, आणि लोक त्याच खाडीतले मासे खात होते. पुढे खाडीतला सुमारे १५ लाख घनमीटर गाळ उपसून किंवा जागच्या जागी बंदिस्त करून त्यावर भराव घातला गेला. पारा तिथेच आहे, फक्त झाकलेला.

पारा खऱ्या अर्थाने हाताळणारे जिवाणू निसर्गात आहेत. त्यांचं एक विकर मिथिल पाऱ्यातला कार्बन आणि पारा यांचा बंध तोडतं, दुसरं पाऱ्याच्या आयनाचं धातुरूप पाऱ्यात रूपांतर करतं आणि तो वाफ होऊन पेशीबाहेर पडतो. फार सुंदर यंत्रणा आहे ही. पण ही जनुकं पुष्कळदा ज्या प्लाझ्मिडांवर आणि उड्या मारणाऱ्या जनुकखंडांवर बसलेली असतात, त्यांवरच शेजारी अँटिबायोटिकला विरोध करणारी जनुकंही असतात. टीएन २१ हा त्यातला सगळ्यात अभ्यासलेला खंड. त्यामुळे पाऱ्याने दूषित गाळात अँटिबायोटिकचा थेंबही नसला तरी अँटिबायोटिकविरोधी जनुकं टिकून राहतात आणि वाढतात, कारण पारा त्यांच्या शेजाऱ्याला जगवतो. माझ्या मैत्रिणीच्या आयसीयूतल्या समस्येचं मूळ असं नदीतळाशी असू शकतं. माती साफ करणं हा म्हणूनच रोगावरच्या उपचाराचाच एक भाग आहे असं मी मानते, आणि साफ करताना चुकीचा जिवाणू ओतणं म्हणजे ती जनुकं हाताने पेरणं.

मग करायचं काय? पहिली गोष्ट, बाहेरून जिवाणू आणायची घाई टाळायची. १९८९ मध्ये अलास्कात एक्सॉन वाल्डीझ जहाजातून तेल सांडलं तेव्हा किनाऱ्यांवर नवे जिवाणू ओतण्यावर भर नव्हता. नायट्रोजन आणि फॉस्फरस असलेलं खत टाकलं, तिथल्याच जिवाणूंची कमतरता भरून काढली, आणि जिथे ते पोचलं तिथे तेल जास्त वेगाने तुटलं. दगडगोट्यांच्या खाली, जिथे प्राणवायूही पुरेसा जात नाही, तिथे दशकांनंतरही तेल सापडत राहिलं. ही मर्यादाही लोकांना सांगायलाच हवी.

दुसरी गोष्ट, जिथे जमेल तिथे जिवंत पेशी न सोडता फक्त विकर वापरायचं. ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकं तोडणारं फॉस्फोट्रायएस्टरेज मातीतल्या जिवाणूंत सापडलं. तेच विकर या विषबाधेवर उतारा म्हणून देता येईल का, यावर प्राण्यांमध्ये प्रयोग झाले आहेत. एकच रेणू सांडलेल्या विषासाठी आणि पोटात गेलेल्या विषासाठी! अशा कामाला निधी मागताना अर्ज कुठल्या विभागात करायचा यावर महिने जातात, हे मला असह्य होतं.

तिसरी गोष्ट आमच्या प्रयोगशाळेतली, आणि ती कुणालाही करता येईल. कॅटेकॉलने पिवळी झालेली प्रत्येक वसाहत आम्ही आता दोन प्लेटवर रेघ ओढून लावतो. एक ३० अंशांवर, दुसरी ३७ वर. मातीतले पुष्कळ जिवाणू ३० ला छान वाढतात आणि माणसाच्या शरीराच्या तापमानाला मान टाकतात. जो ३७ लाही तितकाच जोमाने वाढतो त्याच्यावर लाल खूण. मग अँटिबायोटिकच्या चकत्या ठेवून बघायचं, प्लाझ्मिड दुसऱ्या जिवाणूकडे जातं का तपासायचं, आणि पुढे न्यायचाच असेल तर संपूर्ण जनुकसंच वाचून जाती पक्की करायची. केवळ सोळा-एस या, जिवाणू ओळखायला सर्रास वापरल्या जाणाऱ्या, जनुकाच्या जोरावर सेपेशिया समूहातल्या जाती नीट वेगळ्या होत नाहीत, हे पर्यावरणाच्या अभ्यासक्रमात अजूनही ठासून शिकवलं जात नाही. शिकवायला हवं.

सध्या आमच्याकडे एक वाण आहे. फिनॉल इतक्या वेगाने संपवणारा दुसरा मी पाहिलेला नाही. तो ३७ ला वाढतो, आणि चकत्यांभोवती मोकळं वर्तुळ जवळपास पडतच नाही, म्हणजे औषधं त्याला मारत नाहीत. मैत्रिणीला प्लेटचा फोटो पाठवला तर तिचा लगेच फोन आला. "हा बाहेर काढायचा नाही हं. कितीही गुणी असला तरी." मी म्हटलं, "नाही काढणार गं. त्याचं विकर तेवढं काढून घेऊ." तो आता उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये आहे, त्याचा जनुकसंच वाचून झालाय, आणि फिनॉल फोडणारी जनुकं एका निरुपद्रवी पुटिडात घालायचं काम चालू आहे. त्यासोबत तिच्या विभागातल्या आणि आमच्या वाणांची एक सामायिक यादी आम्ही करतोय: जाती, ३७ ला वाढ, कोणती औषधं चालत नाहीत, कोणतं प्रदूषक तोडतो. तुमच्यापैकी कुणी मातीवर, सांडपाण्यावर किंवा रुग्णांच्या नमुन्यांवर काम करत असाल, तर हे चार रकाने तुमच्या वहीत आजच आखा आणि पलीकडच्या टेबलावर काम करणाऱ्या कुणाला तरी दाखवा.